तोंड असलेली भिंत

खाडीपलीकडच्या कंपनीत मी सीएसआर विभागात आहे. म्हणजे नेमकं काय करतो, ते आमच्या आईला अजून उमगलेलं नाही. ‘दप्तरं वाटतो’ असं ती शेजारणींना सांगते, आणि खरं सांगायचं तर ती फारशी चुकत नाही. दप्तरं वाटतो, पाण्याचे फिल्टर बसवतो, भिंती रंगवतो आणि या सगळ्याचे फोटो काढून मुंबईच्या ऑफिसला पाठवतो. या निमित्तानं अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किती शाळांत मी पाहुणे घेऊन गेलो असेन त्याला गणती नाही. सगळीकडे रीत एकच. शाल, नारळ, स्वागतगीत, भाषण, आभार, वडापाव. रेवदंड्याच्या अलीकडे समुद्राला चिकटून एक कोळीवाडा आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेवढं निराळं होतं. तिथं पाहुण्याच्या हातात नारळ द्यायचे नाहीत, ब्रश द्यायचे. ऑइलपेंटचा ब्रश.

ही पद्धत मोठ्या बाईंची. मोठ्या म्हणजे मुख्याध्यापिका. अंगानं म्हणाल तर चिमणीएवढ्या. सुती साडी, पायात रबरी चपला, आणि उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत हिरवी. तो हिरवा रंग जायचाच नाही. जेवताना, फळ्यावर गणित घालताना, अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभ्या असताना, सदैव त्या दोन बोटांवर रंग. कोळीवाड्यात म्हणायचे, आधी टर्पेंटाइनचा वास येतो आणि मागून बाई येतात.

पाहुण्याला बाई मनसोक्त बोलू द्यायच्या. मध्ये तोंड घालायच्या नाहीत. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, की उठून म्हणायच्या, “छान बोललात. आता यातलं जे करणार आहात, तेवढं भिंतीवर लिहा.” व्हरांड्याची ती लांबलचक भिंत त्यासाठीच पांढरी ठेवलेली होती. पाहुण्यानं लिहायचं, खाली नाव, हुद्दा, तारीख. मग बाई आपल्या हातातली बांगडी काढायच्या, मजकुराशेजारी भिंतीवर टेकवायच्या आणि तिच्या कडेनं ब्रश फिरवून एक गोल काढायच्या. गोल रिकामा. दिलेला शब्द पुरा झाला, की मुलं त्या गोलात एक पापलेट रंगवायची. आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थना झाली, की अख्खी शाळा भिंतीकडे तोंड करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्यानं वाचायची, पाढे म्हणतात तशी. ‘भिंतीला कान असतात म्हणतात,’ बाई सांगायच्या, ‘आमच्या भिंतीला तोंड आहे.’

पापलेटं तशी बरी होती बरं का. पाण्याच्या टाकीपुढे पापलेट होतं. बोटीवरच्या एका निवृत्त कप्तानानं ‘मुलांना होकायंत्र वापरायला शिकवीन’ म्हणून लिहिलं होतं, तिथंही होतं. ‘संरक्षक भिंत बांधून देतो’ या ओळीपुढचा गोल मात्र माझ्या आधीपासून रिकामा होता, आणि ज्यांनी ते लिहिलं होतं ते गृहस्थ पुढं फार मोठे झाले. त्यांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, की पोरं आपसूक त्यांची ओळ म्हणायला लागायची. त्या रस्त्यानं जाणं त्यांनी सोडलं असं म्हणतात. खरंखोटं बाई जाणोत.

दुसरी तऱ्हा म्हणजे बाईंच्या कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शन नसायचं. मी एकदा चिडून विचारलं, की बाई, माणूस मुंबईहून येतो, त्याला दोन गोड शब्द बोलायला काय जातं? म्हणाल्या, काही जात नाही, पण आभार काम झाल्यावर मानायचे असतात, आधी मानले की माणसाला वाटतं काम झालं. मला त्या नावानं हाक मारत नसत. ‘ये, कंपनी, बस,’ म्हणायच्या. मी पेणकडचा आगरी, आजोबांनी मिठागरावर पाय झिजवले, घरातला पहिला पदवीधर मी, आणि या बाई मला कंपनी म्हणणार. मनातून फार राग यायचा.

शाळेची घंटासुद्धा जगावेगळी. एका तांडेलाच्या बोटीच्या पंख्याचं पातं मोडलं होतं, ते आंब्याला टांगलेलं. ते वाजलं की जेट्टीपर्यंत ऐकू जायचं, आणि बाईंना तेच हवं होतं. कारण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्रात रोवलेल्या डोलीच्या जाळ्यात मासळी भरून येते, आणि घरोघरच्या मुली शाळा सोडून मासळी निवडायला जेट्टीवर बसतात. बाई आधी घंटा बडवायच्या. कुणी आलं नाही, की हजेरीपट काखोटीला मारून स्वतः जेट्टीवर. बोंबलांच्या ढिगामागून ‘हजर बाई’ असा आवाज यायचा. रागावणं नाही, आयांशी भांडणं नाही. तिथंच वाळूत बसून टोपल्यांवरून गुणाकार. घटक चाचण्या मात्र त्यांनी कायम अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत ठेवल्या. तेव्हा भरतीला जोर नसतो, जाळ्यात मासळी नसते, मुलं वर्गात असतात. तालुक्याहून वेळापत्रक आलं, की बाई त्यावर पंचांग ठेवून तारखा सरकवायच्या. साहेब रागावले तर म्हणायच्या, समुद्राला तुमचं परिपत्रक वाचता येत नाही.

याच जेट्टीवरून त्यांनी दर्शनाला शाळेत आणलं होतं. दर्शनाचा बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई सुकटीच्या धंद्यात. पोरीला पुस्तकापेक्षा पान्याचं वेड. कंपनीनं माझ्या आधी शाळेत एक पाण्याचा फिल्टर बसवला होता, तो सहा महिन्यांत बंद पडला. आमचा माणूस आज येतो, उद्या येतो. सातवीतल्या दर्शनानं बापाचा पाना आणून तो उघडला, साफ केला, चालू केला. यावर बाईंनी कंपनीला लिहिलेलं पत्र माझ्या फायलीत आहे. ‘आपला फिल्टर कु. दर्शना हिने दुरुस्त केला आहे. तिला आपल्याकडे घ्यावे, अथवा फिल्टर परत न्यावा.’ पुढे सही, शिक्का, आणि कोपऱ्यात हिरवा अंगठा उमटलेला.

मी पहिल्यांदा त्या शाळेत गेलो तो आमच्या तेव्हाच्या मोठ्या साहेबांना घेऊन. माणूस दिलदार, बोलण्याची हौस भारी. दप्तरं वाटली आणि बोलायला उभे राहिले. कंपनी आणि गाव म्हणजे एकच कुटुंब. कंपनीला शिकलेली माणसं हवीत. ही मुलं म्हणजे उद्याचे आमचे इंजिनियर. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग विचारलं, आमच्या शाळेत शिकलेली किती मुलं तुमच्या गेटच्या आत कामाला आहेत?

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी कौलांकडे. मला ठाऊक होतं. चार. दोन बागेत, एक कॅन्टीनला, एक गेटवर. चौघंही ठेकेदाराची. ते मी कसंबसं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग शिकलेली माणसं येतात कुठून? बाहेरून, साहेब म्हणाले, आमच्या ट्रेनिंग सेंटरची परीक्षा असते, जी मुलं पास होतात ती येतात. आणि आमची का होत नाहीत? त्यावर मात्र साहेब सरळ बोलले. यंत्राचा नकाशा वाचता येत नाही, मोजमापाची हत्यारं कधी हातात धरलेली नसतात, इंग्रजीतली सूचना दिसली की घाबरतात.

“म्हणजे दप्तरात काय भरायचं ते तुम्हाला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “मग रिकामी दप्तरं का देता?”

मला वाटलं, संपलं, आता माझी नोकरी गेली. पण साहेबांना ते लागलं, आणि चांगल्या जागी लागलं. त्यांनी ब्रश मागून घेतला आणि लिहिलं. दर वर्षी या शाळेत शिकलेल्या दोन मुलांना आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये घेऊ, त्यांची परीक्षेची तयारी आम्ही करून देऊ. नाव, हुद्दा, तारीख. बांगडीचा गोल. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, काय बाई आहे, हे सगळं वर कळव. मी कळवलं. तीन महिन्यांत साहेबांची बदली गुजरातला झाली.

पुढची दोन वर्षं मी त्या शाळेत गेलो, की बाई तेवढंच विचारायच्या, आणि मी तेवढंच सांगायचो, की वर पाठवलंय. या ‘वर’मध्ये नेमकं कोण बसतं ते मलाही ठाऊक नव्हतं. शनिवारी मुलं ती ओळ वाचत होती, दर्शना रेवदंड्याच्या हायस्कुलात दहावीला बसली होती, आणि मी वर पाठवत होतो.

दर्शना दहावी पास झाली, बऱ्या मार्कांनी झाली. ट्रेनिंग सेंटरचे फॉर्म निघाले. मी मनुष्यबळ विभागात गेलो आणि सांगितलं, की या शाळेसाठी दोन जागा आणि तयारीचा शब्द दिलेला आहे. तिथला अधिकारी माझ्याच वयाचा. म्हणाला, कागद कुठाय? मी म्हटलं, कागद नाही, भिंत आहे. तो हसला, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, निदान भिंतीचा फोटो तरी आण, नव्या साहेबांपुढे ठेवतो.

फोटो म्हटल्यावर मी निर्धास्त. फोटोंवरच तर आमचं पोट. लॅपटॉप उघडला, त्या शाळेचे दोनेकशे फोटो काढले, आणि एक एक बघताना घाम फुटायला लागला. प्रत्येक फोटोत साहेब होते, मुलं होती, दप्तरं होती, आणि मागे कंपनीचा लांबरुंद बॅनर. बॅनर बांधायला ती भिंत सोयीची म्हणून आम्ही दर वेळी तिच्यावरच बांधला होता. साहेबांनी लिहिलं तेव्हा बॅनर उतरवला होता, पण कॅमेराही मी बॅगेत टाकला होता. दोनशे फोटोंत भिंतीची एक ओळ दिसेल तर शपथ.

म्हटलं जाऊ दे, आता काढून आणू. शाळा उघडल्याचा पहिलाच दिवस होता. फाटकातून आत शिरलो. भिंतीवर जिराफ होता.

चांगला पुरुषभर उंचीचा, पिवळाधमक, डोळे मिचकावणारा जिराफ. त्याच्या पायाशी अ अननसाचा, आ आईचा, आणि शेपटीजवळ कंपनीचं बोधचिन्ह. त्याच्यासमोर बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. मला चटकन सगळं आठवलं. मे महिन्यात आम्ही बारा शाळा रंगवायला दिल्या होत्या. ठेकेदाराचा माणूस रोज चाळीस-पन्नास फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून विचारायचा, हे पुसू का, ते खरवडू का. मी जेवता जेवता, गाडी चालवता चालवता अंगठा पाठवायचो. न बघता. या भिंतीचा फोटोही त्यात आला असणार, आणि तिलाही माझा अंगठा गेला असणार. सुट्टीत बाई चौलला आपल्या घरी. विचारायला शाळेत कोण होतं?

लपवण्यात अर्थ नव्हता. जसं घडलं तसं सांगून टाकलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जिराफाच्या गुडघ्याला बोट लावून रंग वाळलाय का ते पाहिलं.

“लोकांचे अंगठे सोडवण्यात माझी तीस वर्षं गेली,” त्या म्हणाल्या, “आणि माझी भिंत गेली ती एका पदवीधराच्या अंगठ्यानं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही ते वाक्य आठवलं की अंगठा आपसूक मुठीत जातो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, दर्शनाच्या फॉर्मची मुदत कधी? जुलैअखेर. नवे साहेब या रंगकामाच्या उद्घाटनाला येणार आहेत ना, कधी? शनिवारी, दहाला. बाई म्हणाल्या, आठला आण, शनिवारी सकाळची शाळा असते.

शनिवारी नवे साहेब आले. ओडिशाकडचे, मितभाषी, घड्याळाकडे बघणारे. सोबत मनुष्यबळवालाही होता. दर्शना व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. बॅनर आम्ही आणला होता, पण बाईंनी तो भिंतीवर लावू दिला नाही, आंब्याला बांधायला लावला. प्रार्थना झाली. आता स्वागत होईल म्हणून साहेब कोट सारखा करत होते, तोच बाईंनी पंख्याच्या पात्यावर एक टोला दिला. सगळी शाळा आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे वळली, आणि वाचायला लागली.

जिराफ वाचायला लागली हो! दुसरीतली एक चिमुरडी पट्टी घेऊन पुढे झाली होती. तिनं जिराफाच्या खुरावर पट्टी टेकवली, की सगळे म्हणायचे, ‘शाळेला पाण्याची टाकी बांधून देतो,’ पुढे सरपंचांचं नाव, हुद्दा, तारीख, ‘पापलेट आहे’. पट्टी पोटावर गेली. कप्तान, होकायंत्र, ‘पापलेट आहे’. पट्टी मांडीवर गेली. संरक्षक भिंत, ते मोठे झालेले गृहस्थ, ‘गोल रिकामा’. एक शब्द इकडचा तिकडे नाही. जी ओळ भिंतीवर जिथं होती, तिथंच पट्टी. मी भिंत पुसली होती, आणि शनिवारमागून शनिवार ती या पोरांच्या तोंडात जाऊन बसलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

पट्टी जिराफाच्या मानेवर आली. दर वर्षी या शाळेत शिकलेल्या दोन मुलांना आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये घेऊ, त्यांची परीक्षेची तयारी आम्ही करून देऊ. पुढे कंपनीचं नाव, साहेबांचं नाव, तारीख, आणि शंभरेक पोरांच्या तोंडून एकदम, ‘गोल रिकामा’.

कंपनीचं नाव साहेबांना कळलं. ते माझ्याकडे झुकले आणि हिंदीत विचारलं, मुलं काय वाचतायत, भिंतीवर तर काहीच नाही.

आता खरी परीक्षा माझी होती. जुनी एक कविता आहे, असं सांगून मोकळा होऊ शकलो असतो. अशी भाषांतरं मी अनेकदा केली आहेत, तोच आमचा हातखंडा. पण खांबाला टेकलेल्या त्या पोरीनं पिशवी छातीशी घट्ट धरली होती. मी म्हटलं, साहेब, हा आपल्या कंपनीनं दिलेला शब्द आहे, तुमच्या आधीच्या साहेबांनी स्वतःच्या हातानं इथं लिहिला होता. दोन वर्षं आपण काहीही केलेलं नाही. आणि ती भिंत मी रंगवून टाकली, न बघता.

मनुष्यबळवाला आपल्या बुटांकडे बघत होता. मग साहेबांनी विचारलं, ती मुलगी कोण? दर्शना पुढं आली. फिल्टरचं मी सांगितलं. साहेब म्हणाले, परीक्षेशिवाय मी कुणालाच घेत नाही. मी तिला ते मराठीत सांगितलं.

“परीक्षा घ्या ना,” दर्शना म्हणाली. “सूट नको मना. पन तुमी काय इचारणार ते आदी शिकवा. शिकवलं न्हाय तर येल कसं?”

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि साहेबांपुढे ब्रश धरला. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, जे मी तपासलं नाही त्याचा शब्द देत नाही, आधीच्या माणसानं काय लिहिलं ते मला बघावं लागेल. बाईंचा चेहरा मात्र खुलला. इतक्या वर्षांत असा पाहुणा पहिलाच, म्हणाल्या. मग तेच लिहा.

आणि साहेबांनी जिराफाच्या पिवळ्या मानेवर, मी अक्षर अक्षर सांगितलं तसं, लिहिलं, ‘तपासून सांगतो.’ नाव, हुद्दा, तारीख. बाईंनी बांगडी काढून गोल फिरवला. मग ब्रश पुसत माझ्याकडे वळल्या.

“तुझं नाव काय रे? कंपनी म्हणून पुरे झालं.”

त्यानंतर दर शनिवारी सकाळी साडेआठला माझ्या मोबाइलवर बाईंकडून आवाजाचा निरोप यायला लागला. दुसरं काही नाही, पोरांचं वाचन. शेवटची ओळ, ‘तपासून सांगतो, गोल रिकामा.’ खाली बाईंचं एक वाक्य, ‘साहेबांना ऐकव.’ पहिल्या शनिवारी धीर झाला नाही. दुसऱ्या शनिवारी केबिनमध्ये जाऊन ऐकवलं. तिसऱ्या शनिवारी साहेबांनीच विचारलं, आजचं आलं का? फॉर्मची मुदत संपायच्या दोन दिवस आधी त्यांनी मनुष्यबळवाल्याला बोलावलं, आधीच्या साहेबांना गुजरातला फोन लावला, आणि दर्शनाचा फॉर्म घेतला गेला. सोबत, ज्याच्या बोटीचं पातं आंब्याला टांगलेलं होतं त्या तांडेलाच्या मुलाचाही. आठवड्यातून दोनदा ट्रेनिंग सेंटरचे एक जुने फिटर मास्तर नकाशे आणि मोजमापाची हत्यारं घेऊन शाळेत यायला लागले. त्यांचे वार अर्थातच बाईंनी पंचांग बघून लावले.

गणपतीच्या आधी परीक्षा झाली. दर्शना पास झाली. तांडेलाचा मुलगा थोडक्यात राहिला, तो पुढच्या वर्षी लागला. शाळेत पोरांनी नाचून धुमाकूळ घातला, आणि भिंतीवर सगळ्या ओळी जिराफावरूनच पुन्हा लिहून काढल्या. अजून मधूनमधून त्याचा एखादा डोळा, एखादा खूर दिसतो. कंपनीचं बोधचिन्ह बाईंनी राहू दिलं. शब्द ज्याचा त्याची खूण खाली असलेली बरी, म्हणाल्या. साहेबांच्या ‘तपासून सांगतो’पुढे पापलेट आलं. पोरं दोन जागांच्या ओळीपुढेही रंगवायला निघाली, तेव्हा बाईंनी ब्रश काढून घेतला. ‘दर वर्षी’ लिहिलंय, म्हणाल्या. याला पापलेट नाही. हे दर वर्षी वाचायचं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर जेट्टीवर मी त्यांना जे वर्षानुवर्षं मनात होतं ते विचारलं. बाई, कंपनीला खरंच वाटतं का हो, की या पोरांनी शिकावं? की आपली दप्तरं, फोटो, एवढंच? स्वतःच्याच पगाराबद्दल विचारल्यासारखं होतं ते.

“कंपनीला कसं वाटेल रे? मन माणसांना असतं,” बाई म्हणाल्या. “तुझ्या पहिल्या साहेबांना मनापासून वाटत होतं. या साहेबांनाही वाटतं. पण माणसांची बदली होते. भिंतीची होत नाही.”

मी फार मोठ्या गोष्टी सांगत नाही. रंगवलेल्या बाकीच्या अकरा शाळांत आम्ही अजून दप्तरंच वाटतो. पण दोन ठिकाणी मास्तरांनी स्वतःहून भिंत पांढरी करून ठेवली आहे, आणि पाहुण्यांच्या गाडीत आता मी रंगाचा डबा ठेवतो. दर्शनानंतर त्या शाळेतून पाच मुलं गेटच्या आत गेली, ठेकेदाराची म्हणून नव्हे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रत्येक फोटो मी उघडून बघतो. तेवढं तरी शिकलोच.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ नको, भाषणं नकोत, असं त्यांनी बजावलं होतं. तरी सगळा कोळीवाडा जमला. दर्शना कंपनीच्या निळ्या गणवेशात, लोखंडी टोकाचे बूट घालून आली होती, आणि बाई पुनःपुन्हा त्या बुटांकडे बघत होत्या. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली, कपाट उघडलं, डबा आणला आणि ब्रश बाईंपुढे धरला.

“बाई, आता तुमी पाव्हन्या,” ती म्हणाली. “लिवा.”

इतक्या वर्षांत बाईंनी स्वतः त्या भिंतीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या गांगरल्या. मी त्यांना गांगरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग जिराफाखाली कोपऱ्यात लिहिलं, ‘दर शनिवारी ऐकायला येईन.’ हुद्द्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. दर्शनानं त्यांच्या हातातली बांगडी काढून घेतली आणि गोल फिरवला.

तेव्हापासून दर शनिवारी पहाटेची एसटी धरून बाई चौलहून येतात आणि शेवटच्या रांगेत, पहिलीच्या पोरांमागे जमिनीवर बसतात. पाऊस असो, ताप असो, खाडा नाही. परवा शनिवारी मी कंपनीत नवीन आलेल्या एका अधिकाऱ्याला घेऊन गेलो होतो. बाईंचं मी गाडीतच सांगितलं होतं. त्यांनी भिंत निरखून पाहिली आणि मुलांना विचारलं, या बाई तर दर आठवड्याला येतात, समोर बसल्या आहेत, मग यांच्या गोलात मासा का नाही?

यंदा पट्टी धरणारी चिमुरडी म्हणाली, “त्या अजून येतात ना. संपलं न्हाय अजून.”

मागून बाई हसल्या. मग अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “छान विचारलंत. आता लिहा.”